बापाचं प्रेस आणि माझं निळं भांडं

ओव्हन कशासाठी असतो, हे माझ्या नवऱ्याला पंचेचाळीस वर्षांत कळलेलं नाही! लोकांच्या घरी ओव्हनमध्ये केक भाजतात, कोंबडी भाजतात. आमचा ऑर्लिन लोखंड भाजतो! गेल्या वर्षी ट्रॅक्टरचं झाकण रंगवून आत सरकवलं. उष्णतेनं रंग पक्का बसतो म्हणे! बसला ना, रंगही बसला आणि वासही. महिनाभर माझ्या प्रत्येक केकला ट्रॅक्टरचा वास! तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, "पुन्हा माझ्या ओव्हनमध्ये लोखंड दिसलं तर पुढचा नंबर तुझा!"

मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. पण दोन गोष्टींत अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये माझा हात कुणी धरणार नाही. एक माझा नेम, दुसरा माझा हॅम. हरणांच्या हंगामाचा पहिला शनिवार मी एक्केचाळीस वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. बाळंतपणंसुद्धा सगळी उन्हाळ्यात उरकली! आणि चर्चच्या जेवणात माझा हॅम, म्हणजे डुकराची भाजलेली तंगडी, पानात पडला की माणसं गप्प होतात. कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही!

यंदाचा शनिवार तर खासच होता. काडतुसं भरायचं माझ्या बापाचं प्रेस भावाच्या कोठारात सापडलं. हिवाळाभर बाबा त्याच्यापुढे बसायचे. दांडा खाली ओढला की एक काडतूस तयार. मी पहिलं हरीण मारलं त्या दिवशी त्यांनी छिन्नी घेऊन प्रेसच्या बुडाला माझं नाव कोरलं, 'अर्डिस'. यंदाचं हरीण याच प्रेसवर भरलेल्या काडतुसानं मारायचं, असं मी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, गावभर सांगून ठेवलं!

फक्त प्रेसवर गंज एवढा, की बुडालेल्या जहाजातून वर काढलंय असं वाटावं. दांडा हलेना, स्क्रू फिरेना.

"तारेच्या ब्रशनं घासतो," ऑर्लिन म्हणाला.

"घासून बाबांची अक्षरं पुसशील! काकवीच्या पाण्यात बुडवून ठेव. माझी आजी असाच गंज काढायची. दोन आठवडे तिकडे बघायचंही नाही. गंज आपोआप सुटतो."

त्यानं गुमान ऐकलं. घमेलंभर पाणी, त्यात काकवीचे चार डबे, आणि आत प्रेस. चार दिवसांत तळघरात असा आंबूस वास सुटला, की मी घमेलं उचलून शेडमागे, सफरचंदाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. मीच ठेवलं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे मी ती विसरायचा प्रयत्न करणार आहे.

बुधवारी दुपारी दाराशी डुएन आला. डुएन माझ्या बहिणीचा मुलगा. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय. आता तो शिकार खात्याचा अधिकारी आहे आणि कमरेला पट्टा लावून फिरतो.

"मावशी, जरा शेडमागे येतेस?"

"कॉफी घे आधी."

"आज कॉफी नको."

आमच्याकडे कॉफीला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला असतो. मी तशीच त्याच्यामागे निघाले.

शेडमागे बघते तर काय! घमेल्याभोवतीची जमीन लग्नातल्या नाचानंतर दिसावी तशी तुडवलेली! सगळीकडे खुरांचे ठसे. आणि एक मोठ्या शिंगांचा नर अजून तिथंच उभा, नाक चाटत, जावयासारखा! आम्हाला बघून सावकाश निघून गेला. जाताना वळून बघितलंन् पण.

"मावशी, हे आमिष आहे."

"हे गंज काढायचं पाणी आहे!"

"काकवीचं?"

"काकवीचं!"

"हंगामाच्या तीन दिवस आधी? तुझ्या मचाणापासून शंभर पावलांवर?"

मचाण तिथंच आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शपथ!

डुएननं वही काढली. "आपल्या जिल्ह्यात हरणांना आमिष घातलं की परवाना जातो, मावशी. शनिवारी तुला घरीच बसावं लागेल. यंदाही आणि पुढची दोन वर्षंही."

तीन वर्षं! माझं वय बघता तीन वर्षं म्हणजे जन्मठेपच! "अरे, आत बाबांचं प्रेस आहे! थांब, दाखवते!" म्हणत मी बाही सावरली आणि कोपरापर्यंत हात घातला. हाताला काहीतरी गोल लागलं. बाहेर काढलं तर सफरचंद! पुन्हा हात घातला. आणखी एक सफरचंद! वारं सुटलं की झाडाची उरलीसुरली फळं टपाटपा आत पडत होती. काकवीत मुरलेली सफरचंदं! हरणांसाठी मुरंबाच घातला होता मी!

"मावशी, पुरे," डुएन कळवळून म्हणाला. "तू जितकी काढशील तितकी मला लिहावी लागतील."

"ऑर्लिन!" मी अशी ओरडले की शेजारच्या गाई उठून उभ्या राहिल्या.

ऑर्लिन शेडमधून बाहेर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे.

"प्रेस कुठंय?"

"तुला शनिवारी चकित करणार होतो गं. सकाळी काढलं. गंज काय सुटलाय म्हणून सांगू! दांडा लोण्यासारखा फिरतो. रंगवलं आणि..."

"आणि काय?"

"ओव्हनमध्ये ठेवलं."

"माझ्या?"

"छे! तू बंदी घातलीस ना!" केवढा अभिमान तोंडावर! "चर्चच्या. बर्फ उपसायला जातो म्हणून किल्ली असते माझ्याकडे. तुझ्या निळ्या भांड्यात, वर चांदीचा कागद लावून, मंद आचेवर. कुणाला कळणारही नाही."

"अरे मेल्या, आज बुधवार! आज चर्चचं जेवण! हॅमचा माझा नंबर पुढच्या बुधवारी, पण भांड्यावर नाव माझं!"

आम्ही तिघं डुएनच्या गाडीत. त्यानं टपावरचा फिरता दिवा लावला. का लावला विचारलं तर म्हणाला, "पुरावा पळतोय, मावशी!"

चर्चच्या तळघरात पोचलो तेव्हा साठ माणसं ताटं घेऊन रांगेत उभी होती. टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, लेफ्सेच्या पातळ पोळ्या, गाजराची जेली, आणि मधोमध माझं निळं भांडं! आमच्याकडे प्रत्येक भांड्याला पट्टी चिकटवून नाव लिहितात, म्हणजे भांडी हरवत नाहीत. माझ्या पट्टीवर माझंच नाव, ठळक अक्षरात.

चर्चचं स्वयंपाकघर लुएलाच्या ताब्यात. आमची मैत्री चाळीस वर्षांची आणि भांडणही तेवढंच जुनं. ती हातात काटा घेऊन उभी होती. काट्याचे दोन दात आकाशाकडे, दोन जमिनीकडे.

"अर्डिस, तुझा हॅम कच्चा होता गं," ती म्हणाली. "काटाच शिरेना! म्हणून आच पूर्ण केली. दोन तास झाले, अजून तसाच!"

"लुएला, वास तरी घ्यायचास!"

"घेतला की! नेहमीसारखाच होता."

रांगेत कुणीतरी खोकलं. पाद्रीबाबांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

"आणि एवढं जड कसं लागलं नाही तुम्हाला? वीस पौंडांचं लोखंड आहे ते!"

"आम्हाला वाटलं, या खेपेला जरा कमी भाजलायस," मागून कुणीतरी म्हणालं. पाद्रीबाबाच होते!

म्हणजे इतकी वर्षं माझा हॅम खाऊन लोक गप्प होत होते ते... असो. त्या विषयावर मी सध्या विचार करत नाहीये.

डुएननं चांदीचा कागद सोडला. आत माझ्या बापाचं प्रेस! हिरवा रंग जळून छान तांबूस तपकिरी झालेला, आणि सांध्यांतून गडद रस पाझरतोय. खरं सांगते, मी आजवर भाजलेल्या कुठल्याही हॅमपेक्षा ते देखणं दिसत होतं! डुएननं रसाला बोट लावलं आणि चाटलं.

"काकवी," तो म्हणाला.

मग टॉवेलनं धरून त्यानं प्रेस उलटं केलं. बुडाशी एकेक अक्षर लखलखीत. 'अर्डिस'. गंज गेला होता, बुडाचा रंग गेला होता, बाबांची छिन्नी तेवढी राहिली होती. मी टॉवेलनंच दांडा ओढला. लोण्यासारखा फिरला! डोळ्यात काहीतरी गेलं माझ्या. चर्चमध्ये धूळ फार.

डुएननं वहीचं पान फाडून खिशात कोंबलं. "घमेलं आज रिकामं कर, मावशी. आणि शनिवारी दुसऱ्या टोकाच्या मचाणावर बस."

"बसते रे बाळा, झाडाच्या शेंड्यावर म्हणालास तरी बसते!"

मग मी वळले. ऑर्लिन लोणच्यांच्या आड उभा होता, हिरवे हात पाठीमागे लपवून. साठ माणसं ताटं हातात धरून बघत होती. लुएला तर जवळ सरकली, एक शब्द सुटू नये म्हणून.

"ऑर्लिन," मी म्हटलं, "आजपासून घरचा ओव्हन तुझा. त्यात ट्रॅक्टर भाज, प्रेस भाज, काय वाटेल ते भाज. आणि पुढच्या बुधवारचा हॅमसुद्धा तूच भाज!"