चार रोपं आणि बंद हीटर

अँझॅक डेच्या, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, पहाटेची मानवंदना आटोपून मर्लिन टिंडेल घरी आली, हातमोजेही न काढता थेट भिंतीपाशी गेली आणि तिने हीटरचं बटण दाबलं. कॅनबेरात एप्रिलमध्येच थंडी पडते, तरी पंचवीस तारखेच्या, म्हणजे या दिवसाच्या, आधी हीटर लावणं हे कमकुवत माणसाचं लक्षण समजतात. मर्लिन कमकुवत नव्हती. तीन आठवडे तिने दोन स्वेटरांवर काढले होते आणि उजव्या गुडघ्याच्या तक्रारी गुडघ्यापाशीच ठेवल्या होत्या. पण आज तिचा हक्क होता. हीटर मात्र सुरू झाला नाही. बटणाच्या खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘पुढील सूचनेपर्यंत बंद. ऑ. टिं.’

“ऑब्री!”

ऑब्री टिंडेल घराच्या उत्तर बाजूच्या काचेच्या खोलीत, ओव्हरकोट घालून, थर्मामीटर वाचत बसला होता. त्याच्यासमोर चार कुंड्या होत्या आणि चार कुंड्यांत गांजाची कंबरभर उंचीची चार रोपं.

“हीटर का बंद आहे?”

“रोपं आत आणलीत ना काल.”

“मग त्यांनाही थंडी वाजत असेल. लाव की.”

“नाही लावता येत. कृत्रिम उष्णता होते ती.”

ऑब्रीने एकतीस वर्षं एका सरकारी खात्यात कायद्यांतल्या व्याख्या लिहिण्यात घालवली होती. कुंपण कशाला म्हणावं, ओलं कधी समजावं, वाजवी म्हणजे किती, हे ठरवण्यात त्याचं तारुण्य गेलं आणि ते वाया गेलं असं त्याला कधी वाटलं नाही. घरी गांजा लावायला इथे परवानगी आहे : माणशी दोन रोपं, घरटी चार, आणि तीही राहत्या घरी. मात्र दिवे लावून किंवा कृत्रिम उष्णता देऊन ती वाढवायची नाहीत. जे काही करायचं ते सूर्याने करायचं. मर्लिनच्या बहिणीने गुडघ्यासाठी या पानांच्या तेलाची शिफारस केली, तेव्हा ऑब्रीने आधी कायदा तीनदा वाचला आणि मगच कुंड्या आणल्या. सहा महिने रोपं मागच्या अंगणात सुखाने वाढली. तोडायला तीन आठवडे उरले असताना दंव पडायला लागलं आणि ती काचेच्या खोलीत आली.

“अरे, पण गरम हवा माझ्यासाठी आहे,” मर्लिन म्हणाली. “रोपांसाठी नाही.”

“हवेला हेतू नसतो, मर्लिन. ती सगळीकडे जाते.”

“मग दार लाव त्या खोलीचं!”

दोघांनी त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथे दार नव्हतं, कमान होती. घर मोकळं वाटावं म्हणून सत्त्याण्णव साली मर्लिननेच ते काढायला लावलं होतं.

ऑब्री हटवादी नव्हता. त्याने प्रयोग करून पाहिला. कमानीत दोन घोंगड्या टांगल्या, अर्धा तास हीटर लावला आणि काचेच्या खोलीतलं तापमान दीड अंशाने वाढलेलं पाहून हीटर बंद केला. आकडा त्याने मर्लिनला दाखवला. मर्लिनने आकडा पाहिला नाही, घोंगड्या मात्र काढून स्वतःभोवती गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात दिवा लावला, तेव्हा तो कमानीतून थेट दोन नंबरच्या कुंडीवर पडला. ऑब्रीने येऊन शांतपणे बटण बंद केलं.

“आता काय झालं?”

“प्रकाश.”

“बटाटे सोलतेय मी! त्या झाडासाठी नाही लावला दिवा!”

“प्रकाशालाही...”

“हेतू नसतो. कळलं. मेणबत्ती?”

“त्यात तर दोन्ही आहेत.”

तेव्हापासून टिंडेलांच्या घरी रात्रीचं जेवण साडेचारला, सूर्याच्या साक्षीने होऊ लागलं. सव्वापाचनंतर दोघं अंधारात बसत. फ्रिजमधला दिवा ऑब्रीने काढून ठेवला. किटली न्हाणीघरात गेली. मर्लिन गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून कमानीवरून जाऊ लागली की ऑब्री म्हणे, “जरा पलीकडून.” माणसाच्या अंगची उष्णता चालते का, हा प्रश्न त्याने स्वतःहून उपस्थित केला, त्यावर दोन दिवस विचार केला आणि माणूस नैसर्गिक आहे असा निर्णय दिला. मर्लिनला त्याचा विशेष आनंद झाला नाही. आठवड्याच्या शेवटी तिचा गुडघा इतका धरला, की ती भावाच्या अंत्यविधीला घेतलेली काठी शोधून ती टेकत चालू लागली.

“बघ,” ऑब्री काठीकडे पाहत कळवळून म्हणाला, “म्हणून तर हे तेल हवं आहे. फक्त दोन आठवडे काढ.”

शेजारची यागोदा पेरिच हे सगळं बाहेरून पाहत होती. यागोदा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, क्रोएशियाहून तरुणपणी आलेली विधवा. तिच्या घरात बारा महिने चोवीस अंश असत आणि त्यावर तिला कोणाचं मत नको असे. तिने पाहिलं, की दिवस मावळला की टिंडेलांकडे अंधार असतो. सकाळी दहाला गल्लीतल्या सगळ्या छपरांवरचं दंव वितळलेलं असतं आणि यांचं एकट्याचं छप्पर पांढरंफटक. तिने दोन आणि दोन चार केले आणि राजम्याच्या सुपाचं मोठं पातेलं घेऊन दारात आली.

“घे गं मर्लिन. लाजू नको. पेन्शनवर सगळ्यांचं असंच होतं.”

“अहो यागोदा, तसं नाही...”

“तसंच असतं. वीज तोडली का गॅस?”

“काहीच तोडलेलं नाही,” ऑब्री मध्ये पडला. “आम्ही स्वेच्छेने बंद ठेवलंय.”

“सगळे असंच म्हणतात पहिल्या महिन्यात.”

यागोदा आत पाऊल टाकणार तोच ऑब्रीने तिच्या हातून पातेलं घेतलं. त्यातून वाफ येत होती. त्याने ते हात लांब करून कमानीपासून दूर धरलं, तसंच न्हाणीघरात नेलं, किटलीशेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं. यागोदाने मर्लिनकडे पाहिलं. मर्लिन काठी टेकून, दोन घोंगड्या पांघरून, अर्धवट उजेडात उभी होती आणि बंद दाराकडे पाहत तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होती.

यागोदाने घरी जाऊन पोलिसांना फोन केला. तिने तक्रार केली नाही. म्हातारा म्हातारीला अंधारात ठेवतो आणि सूप लपवतो, एवढंच सांगितलं.

कॉन्स्टेबल लॉफ्टस नावाची एक तरुण मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आली. तिने टोपी काढली, पाय पुसले आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

“बरं झालं तुम्ही आलात,” ऑब्री म्हणाला. त्याने तिला थेट काचेच्या खोलीत नेलं. “चार रोपं. राहती माणसं दोन. दिवा नाही, उष्णता नाही. ही तापमानाची नोंद, रोज चार वेळा.”

कॉन्स्टेबलने रोपं मोजली. मोजायला फार वेळ लागला नाही. मग तिने आपल्याच तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं.

“सर, सगळं बरोबर आहे. पण इथे फार थंडी आहे. हीटर लावा ना.”

“लावला तर बेकायदा होईल.”

“होऊ दे हो. कोण तक्रार करणार?”

“मी.”

“तुमच्याविरुद्ध?”

“मला माहीत असेल, तर करावीच लागेल.”

कॉन्स्टेबल लॉफ्टसला नोकरीत लागून चौदा महिने झाले होते. दारू पिऊन खोटं बोलणाऱ्यांशी कसं वागायचं हे तिला शिकवलेलं होतं. शुद्धीत राहून खरं बोलणाऱ्याशी कसं वागायचं, ते नव्हतं. ती मर्लिनकडे वळली आणि ठरलेला प्रश्न तिने ठरलेल्या शब्दांत विचारला.

“मिसेस टिंडेल, तुम्हाला या घरात तुमच्या मनाविरुद्ध ठेवलंय का?”

मर्लिन विचार करू लागली. ऑब्रीला वाटलं, ती लगेच नाही म्हणेल. पाच सेकंद गेले. दहा गेले.

“मर्लिन?” ऑब्री म्हणाला.

“थांब रे, नीट उत्तर देते. तूच सांगतोस ना, सरकारी प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये.” मग ती कॉन्स्टेबलला म्हणाली, “मला जरा शेजारी सोडता का?”

शेजार चाळीस पावलांवर होता. पण गुडघा धरलेला असल्यामुळे मर्लिन पोलिसांच्या गाडीतून गेली, आणि त्या चाळीस पावलांत गल्लीतल्या सहा खिडक्यांचे पडदे सरकले. यागोदाने दार उघडलं तेव्हा आतून इतकी गरम हवा आली, की कॉन्स्टेबलच्या चष्म्यावर धुकं धरलं.

ऑब्री रिकाम्या घरात बसला. आधी त्याला वाईट वाटलं. मग, साधारण वीस मिनिटांनी, त्याला आठवलं, की माणशी दोन रोपं. घरात आता एकच माणूस होतं.

तो ताडकन उठला आणि यागोदाच्या दारात गेला.

“मर्लिन, मला एकच सांग. तू पाहुणी म्हणून आली आहेस, की इथे राहायला?”

मर्लिन हीटरसमोर पाय पसरून बसली होती. तिचे डोळे जरा ओले झाले. बेचाळीस वर्षांत त्याने इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं. “तुला काय हवंय, ऑब्री?”

“मला खरं उत्तर हवंय. राहायला आली असशील, तर तुझी दोन रोपं आजच्या आज इथे आणावी लागतील.”

मर्लिनने डोळे पुसले. “राहायला आलेय,” ती म्हणाली. “आण.”

“हा माणूस बायकोला न्यायला येतो की झाडं पोचवायला?” यागोदाने विचारलं.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, ऑब्रीने दोन कुंड्या हातगाडीवर घालून, वर पलंगपोस टाकून, शेजारी पोचवल्या. यागोदाने त्या उचलून हीटरला चिकटून, विणलेल्या रुमालावर, मेरी मातेच्या तसबिरीखाली मांडल्या. “इथे छान दिसतात,” ती म्हणाली. ऑब्री तोंड भिंतीकडे करून उभा होता. दुसऱ्याच्या घरातल्या हीटरबद्दल त्याला काही माहीत नव्हतं आणि करून घ्यायचं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस तो रोज चारला यागोदाकडे मर्लिनला भेटायला जाई. ओव्हरकोट काढून बसे, कॉफी घेई आणि तसबिरीच्या दिशेला पाहत नसे. तरीही वास यायचा तो येईच. मर्लिनची रोपं भरली होती, तुऱ्यांचा भार त्यांना पेलवत नव्हता. घरची दोन मात्र आधी जांभळी झाली, मग काळी, आणि दहाव्या सकाळी काचेला आतून बर्फाचा पापुद्रा धरला तेव्हा दोन्ही वाकून कुंडीच्या काठाला टेकली. ऑब्रीने वहीत वेळ लिहिली. त्याने कायद्याचा एक शब्दही मोडला नव्हता.

मग तो हीटरपाशी गेला. घरात आता एकही रोप नव्हतं. त्याने चिठ्ठी काढली आणि बटण दाबलं. जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा आली. ती घरभर फिरली आणि तिला कोणी भेटलं नाही. तासाभराने ऑब्री दाढी करून, चांगला शर्ट घालून शेजारी गेला.

दार मर्लिननेच उघडलं. तिच्या हातात काठी नव्हती.

“घरात बावीस अंश आहेत,” ऑब्री म्हणाला. “चल घरी.”

“गुडघा कसा आहे, ते नाही विचारलंस.”

“कसा आहे?”

“दुखत नाही. इथे आल्यापासून तिसऱ्या दिवशीच थांबला. ऊब लागली ना.”

ऑब्रीने उंबऱ्यावर उभ्याउभ्याच बोटांवर काहीतरी मोजलं. सहा महिने, चार कुंड्या आणि तापमानाच्या भरलेल्या पानांचा तो मनात हिशेब लावत असावा. मर्लिनला त्याची दया आली. तिने खुंटीवरचा कोट काढला. “चल. माझ्या कुंड्या घे.”

“त्या घेता येणार नाहीत. त्या आल्या तर हीटर बंद करावा लागेल.”

“मग राहू दे इथेच.”

“तू राहतेस तिथेच त्या ठेवता येतात. त्या इथे, तर तूही इथे.”

मर्लिनने कोट परत खुंटीला लावला. “मग तू जा,” ती म्हणाली.

ऑब्री गेला नाही. परत घरी गेला तर बावीस अंशांत एकटं बसायचं होतं, आणि तसं बसणं काय असतं ते त्याने तासभर पाहिलं होतं. “मर्लिन,” तो म्हणाला, “मला याची व्याख्या सुचत नाहीये.”

यागोदा आतून येऊन हे ऐकत होती. ती स्वयंपाकघरात गेली, कोंबडी कापायची कात्री घेऊन आली आणि मेरी मातेची क्षमा मागून तिने दोन्ही रोपं बुंध्याशी कापली. कच्, कच्. मग ती टेबलावर ठेवून म्हणाली, “आता ही रोपं आहेत का?”

ऑब्री जवळ आला. त्याने रिकाम्या कुंड्यांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. “नाहीत,” तो म्हणाला. “हे पीक आहे.” एकतीस वर्षांत इतकं सुटसुटीत कलम त्याने कोणाच्या हातून उतरलेलं पाहिलं नव्हतं.

“मग जा ना दोघं घरी.”

“एक मिनिट. ओलं पीक एका माणसाकडे दीडशे ग्रॅमपर्यंतच चालतं, आणि हे सगळं मर्लिनचं; त्यातलं दुसऱ्याला देता येत नाही. तुमच्याकडे वजनकाटा आहे?”

मर्लिनने कोट घालता घालता डोळे मिटले. यागोदाने केकच्या पिठाचा काटा आणला. बुंधे आणि मोठी पानं काढून तुरे त्यावर ठेवले. काटा एकशे चौसष्टवर थांबला. तिघांनीही तो वाचला.

“चौदा ग्रॅम जास्त,” ऑब्री हळूच म्हणाला.

“ऑब्री,” मर्लिन म्हणाली, “खिडकीबाहेर बघ जरा.”

“काय आहे?”

“काही नाही. बघ.”

ऑब्री वळला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर खरंच काही नव्हतं. त्याने ते बराच वेळ, बारकाईने पाहिलं. मागे ॲप्रनच्या खिशाचं बटण लागल्याचा आवाज झाला. तो परत वळला तेव्हा काटा एकशे पन्नासवर होता आणि यागोदा कॉफीचे कप धूत होती.

“बरोबर आहे,” ऑब्री म्हणाला, आणि त्याने मर्लिनला हात दिला.