सासूबाईंनी धरलेली जागा

हॉटेलच्या जेवणघरात बाकीची मंडळी अजून टोस्टला लोणी लावत होती, तेवढ्यात जावईबापू सासूबाईंना बसमध्ये बसवून परतही आले.

"कुठे गेला होतात?" बायकोने विचारलं.

"आईंना बसवून आलो. ड्रायव्हरच्या मागची खिडकी. डोंगर त्याच बाजूला येणार आहे."

"तिचा अर्धा चहा इथेच राहिलाय."

"चहा काय, वरतीही मिळेल. खिडकी मिळत नाही."

यात जावईबापूंचा अगदीच सगळा दोष नव्हता. गेली वीस-बावीस वर्षं ते एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसत. चांगल्या खुर्च्या बघता बघता संपतात आणि मागाहून येणाऱ्याच्या नशिबी खांबामागची खुर्ची येते, हे सत्य त्यांनी इतक्या उतरलेल्या चेहऱ्यांवर वाचलं होतं की, आपल्या वाट्याला खांब येऊ नये एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं उरलं होतं. केस कापायला गेले तरी पंख्याखालची खुर्ची कोणती, हे ते दारातूनच हेरून ठेवत.

रुमाल, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली ही जागा धरायची साधनं त्यांनी वापरून सोडून दिली होती. रुमाल लोक उचलतात, बाटली सरकवतात. सासूबाईंना कोणी उचलत नाही. सरकवायचा विचार जरी कोणाच्या मनात आला, तरी त्या अशा काही बघत की, तो बिचारा स्वतःची जागासुद्धा सोडून मागे जाऊन बसे. सासरे गेल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडल्या नव्हत्या. "समुद्रातले ते सील की काय असतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचेत," असं त्या मुलीजवळ बोलून गेल्या, आणि म्हणून एका गटाबरोबरची ही सहल ठरली. एक दिवस डोंगर, दुसऱ्या दिवशी बोटीतून बेट आणि बेटाभोवतालचे सील. मुलीला आनंद झाला. जावईबापूंना तर घरचं भक्कम साधन बरोबर मिळाल्याचा दुप्पट आनंद झाला.

डोंगरावर मात्र या साधनाचा वापर जरा जास्तच झाला. बसमध्ये सासूबाईंनी खिडकी धरली. जावईबापू आले आणि फोटोसाठी म्हणून खिडकीत बसले, सासूबाई मधे सरकल्या. रोपवेच्या रांगेत त्या पुढे उभ्या राहिल्या. डबा आला तेव्हा काचेला नाक लावून जावईबापू, आणि सासूबाईंसमोर जावईबापूंची पाठ. वर पोचल्यावर तर दरीच्या काठावरचं एकुलतं एक बाक त्यांनी सासूबाईंच्या ताब्यात दिलं. "आई, बसून राहा. कोणीही सांगितलं तरी उठायचं नाही. आम्ही एवढ्यात आलो," म्हणून गेले ते दुर्बिणीच्या रांगेत अडकले. तेवढ्यात धुकं उतरलं. डोंगर गेला, दरी गेली, बाक गेलं आणि बाकावरच्या सासूबाईही गेल्या. सगळा गट "आजी, ओ आजी!" करत धुक्यात चाचपडत फिरला. सासूबाई बाकावरच होत्या. थंडीने दात वाजत होते, पण उठल्या नव्हत्या.

त्या रात्री बायकोने आवाज न चढवता सांगितलं, आणि तिने आवाज चढवला नाही की जावईबापू लगेच कबूल होत.

"हे शेवटचं. पुन्हा आईला कुठे रुमालासारखं टाकून ठेवलंत, तर यापुढच्या सहली मी आणि आई करू. तुम्ही बसा घरी, सोफ्यावर जागा धरून."

"पुन्हा नाही. शपथ," जावईबापू म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. बायकोशिवाय सुट्टी ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यांना सहलीची हौस खरी, पण ती हौस सांगायला शेजारी कोणी लागायचं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पोचेपर्यंत शपथ टिकली. मग त्यांना बोट दिसली. पांढरीशुभ्र, आणि पुढच्या टोकाला एकच लांब बाक, समोर नुसता समुद्र. गाइडताई, म्हणजे हातात पिवळा झेंडा घेतलेली बारीक चणीची मुलगी, तिकीटघराशी सगळ्यांना गोळा करत होती. बायको तिच्याकडून बोट लागू नये म्हणून गोळी मागत होती. जावईबापूंचे पाय मात्र जागच्या जागी नाचत होते.

"आई, चला, जरा पाय मोकळे करू," ते म्हणाले.

पाय मोकळे करता करता ते दोघं धक्क्याच्या टोकाशी आले आणि तिथून बोटीत गेले. "बसा. दोन्ही बाजूंना एकेक पिशवी ठेवा. आणि कोणीही..."

"...सांगितलं तरी उठायचं नाही," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं.

जावईबापू परत आले तेव्हा गाइडताई फाटकाशी तिकिटं फाडत होती. "आजी कुठायत, काका?"

"त्या पुढे जाऊन बसल्यात."

गाइडताईने निमूटपणे तिसरं तिकीट फाडलं. गोळीने पेंगुळलेल्या बायकोला धरून जावईबापू बोटीत चढले. तिला खालच्या केबिनमध्ये बाकावर आडवं केलं.

"आई कुठाय?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"वर, पुढे. झकास जागा मिळालीये."

"तुम्ही बसवलंत?"

"छे! त्यांच्या त्याच बसल्या."

बोटीने भोंगा दिला. जावईबापू जिना चढून, आपली धरलेली जागा घ्यायला पुढच्या टोकाला गेले. बाकावर गटातल्या निवृत्त हेडमास्तरीणबाई आणि गळ्यात भला थोरला कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ ऐसपैस बसले होते.

"माफ करा, इथे आमच्या सासूबाई होत्या."

"इथे कोणी नव्हतं हो. आम्हीच पहिले," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी समोर पाहिलं. बऱ्याच अंतरावर आणखी एक पांढरी बोट चालली होती, हुबेहूब तशीच. तिच्या पुढच्या बाकावर ताठ कण्याची एक आकृती होती. दोन्ही बाजूंना एकेक पिशवी होती.

ते तसेच गाइडताईकडे धावले आणि कुजबुजले. ऐकता ऐकता तिच्या हातातला झेंडा खाली आला.

"काका, ही माझी पहिलीच सहल आहे. माणूस हरवलं तर मला घरी बसवतील."

"मलाही घरीच बसवणार आहेत! ती बोट कुठे चाललीये?"

"दुसऱ्या गटाची आहे. ते प्राणी-पक्षी बघणारे लोक. आपण बेटाच्या पुढच्या बाजूने जातो, ते मागच्या बाजूने. धक्का एकच आहे, तिथे भेटतील." मग जरा घुटमळत ती म्हणाली, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने जावईबापूंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी तिला ओढतच कप्तानाकडे नेलं. कप्तानाने वायरलेसचं बटण दाबलं आणि समोरच्या बोटीला विचारलं, "तुमच्याकडे एक आजी जास्त आहेत का?"

खरखर झाली. मग सबंध बोटीवर, वर, खाली, मागे, कर्ण्यांतून उत्तर घुमलं, "आहेत. उतरा म्हटलं तर उठायलाच तयार नाहीत."

गाइडताईने माहिती सांगायचा माइक वायरलेसच्या शेजारी चालूच ठेवला होता. सगळ्या माना जावईबापूंकडे वळल्या. ते धडपडत खाली केबिनमध्ये गेले. बायको मंद घोरत होती. एरवी त्या घोरण्याची ते तक्रार करत. आज ते त्यांना संगीतासारखं वाटलं.

वर आले तर सगळा गट त्यांना गराडा घालून उभा. त्यांनी हात जोडले. "हिला कळता कामा नये. एवढी कृपा करा."

"नाही कळणार," कॅमेरावाले छातीवर हात ठेवून म्हणाले. कालच्या धुक्यातली शोधमोहीम सगळ्यांनीच केली होती. आज तर मंडळींना चांगलीच रंगत आली. सहलीचा खर्च आता कुठे वसूल होत होता. कोणी दुर्बीण रोखली, कोणी कठड्यावर चढलं. "आजींनी पदर डोक्यावरून घेतला!" "कोणीतरी त्यांना काहीतरी खायला देतंय!" "आता हसल्या!" गाइडताई ठरल्याप्रमाणे माइकवर सांगत होती, "डाव्या हाताला, खडकांवर, सीलचा मोठा कळप," पण सांगताना तीसुद्धा उजवीकडे आजींनाच बघत होती. डावीकडचे सील बऱ्यापैकी वेळ थांबले आणि पाण्यात गेले. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

मग ती बोट बेटामागे वळली आणि दिसेनाशी झाली. जावईबापूंना चैन पडेना. पुढे गेले, मागे गेले, जिना उतरले, चढले. आईंना चक्कर आली तर? गोळ्या माझ्याच खिशात. पाण्याची बाटली माझ्याकडे. शालही माझ्याच खांद्यावर. जागा सोडून आपण त्या बाईला काहीच दिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं आलं, की जागाही कधी दिली नाही. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात बायको जिन्याच्या कठड्याला धरून वर आली.

"आई कुठाय?"

"वरती," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या.

"खाली," कॅमेरावाले म्हणाले.

"बाथरूमला," गाइडताई म्हणाली. तिघंही एकाच वेळी बोलले होते.

"म्हणजे नक्की कुठे?"

"अगं, त्यांच्या पायाला आज भिंगरी लागलीये," जावईबापू म्हणाले. "एके ठिकाणी थांबतात कुठे!"

"आई? एके ठिकाणी थांबत नाही?" बायकोने डोळे बारीक केले. पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, पण बोट एका लाटेवरून दाणकन खाली आली आणि बायको तोंडाला हात लावून पुन्हा केबिनमध्ये गेली. समुद्राचे एवढे मनापासून आभार आजवर कोणी मानले नसतील.

बेटाचा धक्का आला. दोर बांधायच्या आधीच जावईबापूंनी उडी मारली. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीशी मातकट कपड्यांतल्या दहा-बारा माणसांच्या घोळक्यात सासूबाई बसल्या होत्या. गळ्यात कोणाची तरी दुर्बीण, हातात वाफाळता कप. गाल वाऱ्याने लाल झाले होते.

"आई! अहो, चुकून वेगळ्याच बोटीत बसवलं मी तुम्हाला. माफ करा. तुम्ही घाबरला असाल. मी कप्तानाला सांगितलं, पण तुमच्या बोटीवाल्यांनी बोट थांबवलीच नाही."

"ते थांबवत होते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

"काय?"

"धक्क्यावरच सांगितलं त्यांनी, आजी, ही बोट तुमची नाही. मी म्हटलं, जावई सांगून गेलेत, उठायचं नाही. ते म्हणाले, मग चला आमच्याबरोबर. गेले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दोन्ही पिशव्या तुमच्यासाठी ठेवल्या होत्या हं मी. बराच वेळ वाट बघितली. मग कळलं की तुम्ही येत नाही. म्हणजे मला सरकवायला कोणी येत नाही. जावईबापू, या सहलीत मी इतक्या जागा धरल्या, पण आज पहिल्यांदा मी धरलेली जागा मला मिळाली."

जावईबापू उभ्याउभ्याच बारीक झाले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सुचलं एवढंच, "सील दिसले?"

"दिसले म्हणजे! आई पिलाला पाण्यात ढकलत होती आणि पिलू पुन्हा खडकावर. ढकलायची, ते पुन्हा वर. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांना दाखवायला हवं होतं असं वाटलं." 'ह्यांना' म्हणजे सासऱ्यांना. जावईबापूंनी खांद्यावरची शाल काढून त्यांच्या अंगावर घातली.

"हिला मात्र सांगू नका," ते हळूच म्हणाले.

"मी कशाला सांगू? ती मलाच ओरडेल."

पण बायको येऊन मागे उभीच होती. गटातली मंडळी लगबगीने आकाशातले पक्षी बघू लागली. बायकोने आईच्या गळ्यातली दुर्बीण पाहिली, मातकट मंडळी पाहिली, धक्क्याला लागलेल्या दोन सारख्या बोटी पाहिल्या. मग ती नवऱ्याकडे वळली. जावईबापूंनी मनातल्या मनात घरच्या सोफ्यावर बसून घेतलं.

"त्यांना काही बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "त्या बोटीतून मी माझ्या मर्जीने आले. आणि जातानाही त्याच बोटीने जाणारे."

"अगं, पण..."

"आणि पुढच्या सहलीलाही ह्या मंडळींबरोबरच. नाव देऊन ठेवलंय. हे लोक गप्प बसतात, गर्दी करत नाहीत, आणि यांच्यात कोणाला पुढे बसायची हौसच नाही. प्राणी घाबरतात म्हणे. तुम्ही दोघं जात जा की एकत्र. छान जोडा आहे."

तेवढ्यात त्यांच्या मंडळींनी हाक मारली. सासूबाई कप टपरीवर ठेवून चटकन उठल्या. इतक्या चटकन त्यांना उठताना जावईबापूंनी कधी पाहिलं नव्हतं. बघता बघता त्या बोटीत शिरल्या आणि पुढच्या बाकावर मधोमध बसल्या. पिशव्या त्यांनी पायाशी ठेवल्या.

जावईबापूंच्या छातीवरचा दगड उतरला. सहलीतून नाव कापलं गेलं नव्हतं, बायको शेजारीच होती. आता ती काय बोलते म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. बायको बराच वेळ आईच्या बोटीकडे बघत होती. मग तिने आपल्या बोटीकडे पाहिलं. तिथे हेडमास्तरीणबाई आणि कॅमेरावाले आधीच जिना चढत होते.

तिने नवऱ्याची बाही ओढली.

"अहो," ती आवाज खाली आणून म्हणाली, "मग आता आपली जागा कोण धरणार?"