दाढीवाल्यांचा भागाकार

तटस्थ राहणे हे लढण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. लढणाऱ्याला एकाच दिशेला पाहावे लागते. तटस्थाला चहूकडे न पाहण्याचा सराव ठेवावा लागतो. या बाबतीत कोस्टा रिका हा देश नमुनेदार. त्याने आपले सैन्यच मोडीत काढलेले. त्यामुळे शेजारच्या निकाराग्वात हुकूमशहाविरुद्ध क्रांती पेटली, तेव्हा तिच्याकडे न पाहण्याची सगळी जबाबदारी साध्या नागरिकांवर पडली. ती त्यांनी चोख पार पाडली.

सीमेवरच्या सान कास्तो गावच्या शाळेत एर्मेलिंदाबाई एकट्याच शिकवीत. एकोणऐंशीच्या मे महिन्यात त्यांच्या शाळेचा पट वीसवरून बत्तीसवर गेला. वाढ साठ टक्के. नवे बाराही विद्यार्थी सीमेच्या नदीपलीकडून आले, थेट तिसरीत बसले, आणि सर्वांना दाढी होती. (प्रवेशाच्या नियमांत दाढीचा उल्लेख नाही. बाईंनी दोनदा तपासले.)

ते क्रांतिकारक आहेत हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच रोज कोणी ना कोणी भात-घेवड्याचे मोठे पातेले शाळेच्या पायरीवर विसरून जाई.

त्यांची नावे पटावर घालणे ही निव्वळ सोय होती. पण बाईंना चाळीस वर्षांची एक खोड होती. वर्गात बसलेला माणूस न शिकता उठला, तर त्यांना सोसत नसे. आठवड्याभरात बाराही जण पाढे घोकू लागले. त्यांचा म्होरक्या तोरिबियो पूल उडवण्यात तरबेज, पण गणितात कच्चा.

"बाई, परवा आम्हाला पलीकडे जायचंय."

"सातचा पाढा झाला?"

"बाई, तिकडे क्रांती खोळंबलीय!"

"खोळंबू दे. म्हण, सात एके सात."

अशात राजधानीहून शाळा तपासनीस एवेलियोसाहेब येऊन धडकले. पितळ उघडे पडले असते, तर बाराजणांना पलीकडच्या शिपायांच्या हवाली करावे लागले असते. तिकडे अशा विद्यार्थ्यांची परीक्षा भिंतीपाशी उभे करून घेत.

तोरिबियो बाकावर बसला होता. त्याचे गुडघे कानांना लागत होते. साहेब त्याच्यापाशी थांबले.

"वय?"

"तिसरी," तोरिबियो म्हणाला.

"आणि ही दाढी?"

"घराण्यातच आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाकावरची मारिसेला उठली. "साहेब, काल हा सातचा पाढा चुकला, तर बाईंनी ह्याला अंगठे धरायला लावले!"

साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसले. "सत्तावीस आंबे, चार मुलगे. वाटून दाखव."

"आंबे कोणाच्या बागेतले?"

"गणितात बाग नसते."

"आमच्याकडे सगळं बागेवरूनच पेटलंय, साहेब."

बाईंच्या मुठीत खडू मोडला.

"प्रत्येकी सहा," तोरिबियो घाईने म्हणाला. "बाकी तीन. पण त्या तिनांचं काय करायचं?"

"बाकी नुसती लिहायची असते. तिचं काही करायचं नसतं," साहेब म्हणाले आणि टोपी घालून निघाले. त्यांच्या अहवालात एकच सूचना होती: 'तिसरीतील काही विद्यार्थ्यांची वाढ समाधानकारक आहे. उंच बाके पुरवावीत.'

बारा उंच बाके तत्परतेने सप्टेंबरात आली. तोवर विद्यार्थी सीमा ओलांडून गेले होते आणि क्रांती जिंकली होती.

मग तोरिबियोचे पत्र आले. 'बाई, आता जमीन वाटतोय. भागाकार फार उपयोगी पडतो. उरलेली जमीन समितीकडेच ठेवतो. बाकी नुसती लिहायची असते, हे पक्कं लक्षात आहे.' खाली सह्या. अंगठा एकही नव्हता, याचाच बाईंना आधी अभिमान वाटला. मग त्यांनी सह्या मोजल्या.

नऊ.

बाई अजूनही हजेरीत ती तीन नावे पुकारतात आणि थोडे थांबतात. 'कायम गैरहजर, नावे कमी करावीत' असा शेरा वरून आला आहे. बाईंनी तो पाहिलेला नाही.

वाचकहो, समितीच्या जमिनीपाशी तुम्हाला हसू आले असेल. बारांपैकी किती जगले, हे मात्र बाईंनी मोजेपर्यंत तुम्ही विचारले नाही. संकोच नको, तटस्थ म्हणून तुम्ही उत्तम आहात. उंच बाकांपैकी नऊ मोकळी आहेत.

बसा.