बेचाळीस शर्ट आणि माझा फॉर्म्युला

काँप्युटरवर फॉर्म्युला लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कोणी नाही! हे मी सासऱ्यांना तीनदा ऐकवलं होतं. तिन्ही वेळा ते सुईत दोरा ओवत होते. त्यांचं शिवणाचं दुकान चाळीस वर्षांचं, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या लेखी मी म्हणजे खुर्चीत बसून बटणं दाबणारा जावई. त्यांनी एकदा तरी मला ‘शाब्बास’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा.

संधी चालून आली. अग्निशमन दलाच्या बेचाळीस जवानांचे शर्ट शिवायचं काम दुकानाला मिळालं. मापं मास्तरांच्या वहीत होती. मी वही जवळजवळ हिसकावलीच. छातीचं माप टाकलं की साइज आपोआप यावी, असा फॉर्म्युला लिहिला: बत्तीस किंवा जास्त असेल तर स्मॉल, नाहीतर छत्तीसपासून मीडियम, नाहीतर चाळीसपासून लार्ज, नाहीतर चव्वेचाळीसपासून एक्स्ट्रा लार्ज. यादी छापून थाटात त्यांच्या हातात ठेवली.

“जावईबापू, एकदा नजरेखालून घातलीत का?”

“बाबा, काँप्युटर चुकत नाही. माणूस चुकतो.”

त्यांनी यादीवर नजर फिरवली, मान डोलावली. मी मनातल्या मनात फुगलो.

आठवड्याने दलाचे साहेब शर्ट घालून बघायला आले. छाती शेहेचाळीस. शर्ट दंडांवरून कसाबसा वर चढला. त्यांनी श्वास रोखून बटणं लावली, श्वास सोडला, आणि तिसरं बटण सुटून थेट शिलाई मशीनखाली गेलं!

मी झडप घालून यादी पाहिली. वरपासून खालपर्यंत स्मॉल, स्मॉल, स्मॉल! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शेहेचाळीस हेही बत्तीसपेक्षा जास्तच की. पहिलीच अट पुरी झाल्यावर काँप्युटर पुढे बघेल कशाला? सुरुवात मोठ्या आकड्यापासून करायला हवी होती.

“बाबा, चूक माझी आहे,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. “सगळं कापड वाया घालवलं मी.”

मास्तरांनी शांतपणे कपाट उघडलं. आत बेचाळीस शर्ट घडी घालून ठेवलेले, सगळे वहीतल्या मापाने शिवलेले. वरचा साहेबांना बेतल्यासारखा बसला.

“मग तो छोटा कशाला शिवलात?”

“तुम्ही एवढ्या हौसेने यादी केलीत. जावयाचा मान म्हणून एक तरी शर्ट तिच्याप्रमाणे शिवायला नको?”

साहेब पोट धरून हसत होते. दोघं शाळेपासूनचे मित्र आहेत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

शाबासकी मात्र मला मिळाली. मशीनखाली रांगत जाऊन मी ते बटण शोधून दिलं, तेव्हा.