न हसल्याचा दाखला

सदर इसम गेली बावीस वर्षं विनोदी स्किट करतो. लोक त्याला फुग्या म्हणतात. टेबलावरून पडून पडून त्याचे गुडघे बोलायला लागले होते, तेवढ्यात नाट्यशाळेत विनोद शिकवायची जागा निघाली. फुग्याला ती जिवापाड हवी होती. अडलं फक्त अनुभवाच्या दाखल्यापाशी.

दाखल्याच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बावीस वर्षं अखंड स्टेजवर होतात?"

"छे हो! एक स्किट सहा मिनिटांचं. अशी दीड हजार केली."

बाईंनी कॅल्क्युलेटर बडवला. "सहा दिवस, सहा तास."

फुग्याचं तोंड एवढंसं झालं.

"घाबरू नका. पदाला पाचच दिवस लागतात. आता यातून हशा वजा."

"हशा? तो का?"

"लोक हसत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"थांबत होतो. हसू ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नसतं, बाई. तीच तर कला!"

"थांबणं म्हणजे रजा. स्किटमागे दोन मिनिटं. उरले चार दिवस, चार तास. तुमच्या मागे हवालदार बनून उभे राहतात ना, ज्यांना सगळे खांब म्हणतात ते? त्यांचा याच जागेसाठीचा दाखल्याचा अर्ज मंजूर झाला. एक सेकंद वजा नाही."

"अहो, त्याला कुणी हसतच नाही!"

"तेच म्हणते. सलग सेवा."

फुग्याने कपाळावर असा हात मारला की बाई खुदकन हसल्या. लगेच गंभीर होऊन त्यांनी आणखी तीन सेकंद वजा केले. मग उपाय सांगितला: न हसलेल्या प्रेक्षकाने तसं सहीनिशी लिहून दिलं, तर हशा माफ.

फुग्या गावभर हिंडला. मित्र दुखावले. "पोट धरून हसलोय आम्ही! खोटी सही करू होय रे?"

शेवटी बायको पावली. "आणा इकडे. बावीस वर्षांत मला एकदाही हसू आलेलं नाही," म्हणत तिने आनंदाने सही ठोकली.

बाईंनी कागद परत केला. नातेवाईक चालत नाहीत.

सबब, त्रयस्थ वाचकांसाठी:

*मी वरील मजकूर पूर्ण वाचला. ओठाचा कोपराही हलला नाही.*
*सही: ____________*

हसला असाल, तर सही करू नका. खांब रुजू व्हायला तयारच आहे. पहिल्या तुकडीत तुमचीच मुलं आहेत.