बघायला आलेले ऋतू

त्या डोंगराळ देशात जायचं असेल, तर तिथला ऋतू आधी आपल्या घरी येऊन आपल्याला बघून जातो. पसंती झाली तरच परवाना मिळतो. कोणत्या ऋतूत जाणं चांगलं हे ज्याचं त्याने ठरवावं आणि तसा अर्ज करावा. पण अर्ज केला म्हणून ऋतू हो म्हणेलच असं नाही. दूतावास फक्त वेळ ठरवून देतो. पोहे आपले आपण करायचे.

परभणीच्या मंदाकिनी सेलूकर यांनी चारही ऋतूंकडे अर्ज केला होता. मंदाताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळा जन्म त्यांनी फळ्यावर तपकिरी खडूने पर्वतरांगा काढल्या आणि तास संपला की पुसल्या. ज्याला खरोखर डोंगर म्हणावं असा एकही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मरायच्या आधी एकदा तिथे जाऊन यावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. नियम मात्र कडक होता. चौघांपैकी एकाशीही जमलं नाही, तर नाव कायमचं काढून टाकतात.

बघण्याचे कार्यक्रम त्यांना नवे नव्हते. तरुणपणी याच बैठकीच्या खोलीत त्या कितीदा तरी खाली मान घालून बसल्या होत्या. लोक उंची विचारायचे, चालून दाखवायला सांगायचे, आणि पोहे संपवून ‘कळवतो’ म्हणून उठायचे. कळवलं कुणीच नाही. पुढे वडील थकले आणि कार्यक्रम थांबले. त्याचं दुःख त्यांना होतं. नव्हतं असं सांगण्यात काही अर्थ नाही.

आधी शरद आला. निरभ्र, स्वच्छ, बोलायला मोजका. त्याने मंदाताईंच्या चष्म्याचा नंबर विचारला, कारण त्याच्याकडे फार लांबचं दिसतं आणि पाहुण्याला ते दिसलं नाही तर त्याला अपमान वाटतो. मग गुडघ्यांची चौकशी केली. जाताना कळवतो म्हणाला. पावसाळ्याने परस्पर निरोप पाठवला की रस्ते वाहून गेले आहेत, यंदा कुणालाच बघणार नाही.

वसंत आला तेव्हा गल्लीतल्या बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या देशाला जावं तर वसंतातच, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मंदाताईंचा धाकटा भाऊ मोरेश्वर घाईने सामोरा गेला. वसंताने दोन वेळा पोहे मागून घेतले, सगळ्यांशी घरच्यासारखा बोलला आणि तिथल्या तिथे होकार देऊन मोकळा झाला. मोरेश्वरच्या बायकोने, शैलाने, लगेच साखर आणली. मंदाताईंना आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी समोरासमोर हो म्हटलं होतं.

मग वसंत आपल्याकडची व्यवस्था सांगू लागला.

“माझ्याकडे डोंगर अगदी तयार असतात,” तो म्हणाला. “बर्फ खांद्यापर्यंत उतरवून घेतो, खाली फुलं घालतो. ऊन वर आलं की एकेकाला समोर आणतो. कुणाला बाजूने बघायचा असेल, तर वळवून दाखवतो.”

“त्यांना विचारून?” मंदाताईंनी विचारलं.

“डोंगरांना काय विचारायचं?” वसंत हसून म्हणाला.

साखरेची वाटी मंदाताईंनी होती तिथेच ठेवली, आणि राग मानू नका, पण मला यायला जमणार नाही, असं सांगितलं. वसंताला नकाराची सवय नव्हती. तो उठून चपला शोधू लागला.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

“ताई, असं काय करायलीस?” मोरेश्वर म्हणाला. “अगं, वसंत हो म्हणला तुला. लोक जन्मभर थांबायलेत त्याच्यासाठी.”

“नटवून बसवतात रे त्यांना, मोरू.”

मोरेश्वरने हात टेकले. डोंगर आहेत ते, त्यांना काय कळतंय, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते बैठकीचे दिवस त्यालाही आठवत होते. दारामागून त्यानेही बघितलं होतं.

शेवटी राहिला हिवाळा. त्याच्याकडे सहसा कुणी अर्ज करत नाही, त्यामुळे कुणाला बघायला जाण्याची रीतही त्याला फारशी ठाऊक नव्हती. आत आलो तर चहा गोठेल म्हणून तो उंबऱ्याजवळच स्टुलावर बसला. शैलाने सगळ्यांना शाली दिल्या. त्याने मंदाताईंकडे बघितलं नाही. भिंतीकडेच बघत राहिला.

माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. रस्ते बंद असतात. डोंगर ढगांच्या आत असतात, दिसतील याचा भरवसा नाही. मागाहून फसवलं असं व्हायला नको.

“ढगांच्या आत काय करतात ते?” मंदाताईंनी विचारलं.

“काही नाही. असतात.”

मंदाताई शाल लपेटून थोड्या पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, “मला बघायला नाही यायचं. थोडे दिवस त्यांच्यात राहायला यायचंय. मी आलेली त्यांना चालेल का, तेवढं विचारून याल?”

हिवाळ्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं तो म्हणाला, आणि आधी ते विचारायला हवं म्हणून उठला.

त्या वर्षी तिकडे हिवाळा वेळेवर लागलाच नाही, कारण तो एकेका डोंगराकडे जाऊन विचारत होता आणि डोंगर पटकन उत्तर देत नाहीत. वर्तमानपत्रांत तशी बातमी आली. दूतावासाने कळवलं की महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर नाव काढावं लागेल. मंदाताई मनातून घाबरल्या. हातचा वसंत आपणच घालवला आणि आता सगळंच जाणार, या विचाराने एका दुपारी त्या पदराने तोंड झाकून रडल्या. मग उठून त्यांनी तांदूळ निवडायला घेतले.

महिना संपत आला तेव्हा उत्तर द्यायला डोंगर स्वतः आला.

तो वसमत रस्त्याने आला. गल्ली अरुंद असल्यामुळे त्याला घरामागच्या मैदानात जागा करून द्यावी लागली. तिथे खेळणारी मुलं कडेला सरकली, आणि सावलीत आलेल्या घरांनी वाळत घातलेले कपडे पुढच्या अंगणात नेले. मोरेश्वर हात जोडून स्वागताला गेला, पण नमस्कार नेमका किती उंचावर करावा हे त्याला कळेना. पोहे टाकू का, असं शैलाने आतून विचारलं. मंदाताईंनी नको म्हणून सांगितलं.

त्या मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसल्या. डोंगर समोर होता. त्यांनी वर बघितलं नाही. डोंगरानेही त्यांना काही विचारलं नाही, उभं राहायला सांगितलं नाही, नाव-गावसुद्धा नाही. त्याच्या अंगावरचा गार वारा पायरीपर्यंत येत होता. आपल्याला फार बरं वाटतंय, हे मंदाताईंच्या लक्षात आलं, आणि त्या तशाच बसून राहिल्या.

दिवे लागायची वेळ झाली तेव्हा डोंगर थोडा बाजूला सरकला. पायरीपासून वर जाणारी वाट मोकळी झाली. मंदाताईंनी शाल घेतली, चपला घातल्या, आणि आत डोकावून शैलाला सांगितलं, की माझा भात लावू नकोस.