गुंडूरावांचं कुंपण

बसवनगुडीतलं कापडाचं दुकान भाच्याकडे सोपवून गुंडूराव मुलाच्या नव्या घरी राहायला आले आणि मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव पाहून त्यांची झोपच उडाली. घरात अडीच वर्षांची नात, संहिता. आणि दाराशी एवढं पाणी! तलावाला कुंपण घालायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. (गुंडूरावांचं 'एवढंच' एवढ्यावर कधी थांबत नसे.)

त्यांनी नियम गोळा केले. कुंपण उंच हवं, गजांतून पोराचं डोकं जाता कामा नये, फाटक आपोआप बंद व्हावं, कडी वर असावी आणि जवळपास चढण्याजोगं काहीही नको. हे नियम रोज जेवताना मोठ्यानं ऐकवले जात. कुंपण उभं राहिल्यावर त्यांनी दुकानातल्या टेपनं एकेक फट मोजली. मग खुर्च्या हलवल्या, कुंड्या हलवल्या. ज्या बाजेवर बायकोनं, सुनंदाबाईंनी, पापड वाळत घातले होते तीसुद्धा (पापडांसकट) हलवली.

"आणि तुळस?" सुनेनं, रूपश्रीनं विचारलं. तुळशीचा कट्टा कुंपणाला खेटून होता.

"अगं, तुळस काय चढायची वस्तू आहे? देव आहे तो! आणि ऊन तिथंच येतं."

"मामंजी, संहिताला कळतं का हे?"

"स्वल्प धीर धर. सगळं कळतं तिला."

कळत होतंच. रोज पूजेच्या वेळी तिचे अज्जा, म्हणजे गुंडूरावच, तिचा हात धरून तिला कट्ट्यावर चढवत आणि तिच्याकडून तुळशीला पाणी घालवत. शुक्रवारी अज्जांना आंघोळीला उशीर झाला, तेव्हा संहिता एकटीच पूजेला गेली.

रूपश्रीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तेव्हा पोरीचं पोट कुंपणाच्या वरच्या कांबीवर होतं आणि दोन्ही हात पाण्याकडे. ती हातातलं टाकून धावली. आधी फ्रॉकचं टोक हाती आलं, मग पाय, मग सगळी संहिता.

गुंडूराव ओल्या पंच्यानिशी पळत आले. रूपश्री पोरीला छातीशी धरून फरशीवर बसली होती. गुंडूरावांनी तुळशीला नमस्कार केला, गवंडी बोलावला आणि दुपारच्या आत कट्टा पुढच्या दारी गेला.

संध्याकाळी त्यांनी कुंपणाभोवती चक्कर मारली. विटेचा तुकडासुद्धा कुठं नव्हता. जीव थोडा थाऱ्यावर आला. पाण्यावर एक पिवळं पान तरंगत होतं. ते दाखवायला त्यांनी संहिताला खांद्यावर घेतलं.

"मामंजी," मागून रूपश्रीचा हळू आवाज आला, "कुंपणाजवळ चढण्याजोगं काही नको ना?"

"बघ की! सगळं हलवलं."

"एक राहिलंय."

गुंडूरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वर पाहिलं. संहितानं त्यांच्या खांद्यावरून एक पाय कांबीवर टेकवला होता आणि ती टाळ्या वाजवत होती.

"सरी, खरंय तुझं," ते पुटपुटले. मग नातीला सुनेच्या हाती दिलं, स्वतःला उचललं आणि पुढच्या दारी नेऊन ठेवलं.